डोळ्यांना न दिसणारी उल्हास नदी

पावसाच्या टपोऱ्या, पाच मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा जमिनीजवळचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर असतो. मोबाइलचा नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. म्हणजे एक फ्रेम टिपून दुसरी टिपेपर्यंत थेंब ३० सेंटिमीटर खाली उतरलेला असतो आणि चित्रात उरते ती नुसती पांढरी रेघ. कॅमेऱ्याने सेकंदाला २४० फ्रेम टिपल्या तर हे अंतर पावणेचार सेंटिमीटरवर येतं. ९६० फ्रेम टिपल्या तर थेंब दोन फ्रेमच्या मध्ये जेमतेम नऊ मिलिमीटर सरकतो. आता तो दिसू लागतो: त्याचा आकार, त्याची थरथर, खडकावर आपटून त्याचं फुटणं.

स्लो मोशन म्हणजे एवढंच. वेगाने टिपायचं आणि सावकाश दाखवायचं. २४० फ्रेमने टिपलेलं ३० फ्रेमने दाखवलं की एका सेकंदाचे आठ सेकंद होतात. टाइमलॅप्समध्ये याच्या नेमकं उलट होतं. दर दहा सेकंदांनी एक फ्रेम टिपली तर बारा तासांत ४,३२० फ्रेम जमतात आणि सेकंदाला २४ या वेगाने त्या तीन मिनिटांत पाहून होतात. पाणी टिपण्यासाठी या दोन्ही पद्धती लागतात, कारण पाण्याचं बरंचसं काम डोळ्यांना पकडता येत नाही. काही गोष्टी फार झटपट घडतात, काही फार हळू.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांना पाण्याच्या या दोन्ही गती अगदी दाराशी मिळाल्या आहेत. बदलापूरजवळ कोंडेश्वरचा धबधबा आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळकडून येणारी उल्हास नदी बदलापूरला लागून वाहते. तिला मिळणाऱ्या बारवी नदीवर एमआयडीसीचं धरण आहे. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी प्राचीन शिवमंदिराला खेटून पुढे जाते, उल्हासनगरमधून वाहते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. पुढे खाडी लागते आणि भरती-ओहोटी सुरू होते. धबधबा, नदी, जलाशय, नाला झालेली नदी आणि खाडी, सगळं लोकलच्या एका मार्गावर आहे. तरीही पावसाळ्यात इथले जे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक एकट्या धबधब्याचे असतात.

धबधबा टिपू नये असं नाही. वेगाने टिपलेल्या पाण्याने माणसाच्या समजुती किती वेळा खोट्या ठरवल्या आहेत, ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकात थेंब आपटल्यावर काय होतं याचा अनेक वर्षं अभ्यास केला. अंधाऱ्या खोलीत थेंब पाडायचा, विजेच्या ठिणगीचा क्षणभर उजेड पाडायचा आणि डोळ्यांपुढे उरलेली आकृती कागदावर उतरवायची, अशी त्यांची रीत होती. या चित्रांत पाण्याचे मुकुट सुबक, चारही बाजूंनी सारखे होते. पुढे १८९४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रं घेता आली. त्यांत मुकुट वाकडे होते, टोकं लहानमोठी होती. हाताने चित्र काढताना मनाने पाण्याला नीटनेटकं करून टाकलं होतं, आणि वर्दिंग्टन यांनी हे उघडपणे मान्य केलं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीचे हॅरोल्ड एजर्टन यांनी स्ट्रोबच्या लखलखाटात टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट १९५७ च्या छायाचित्रामुळे जगभर पोचला. पण त्याआधीच वर्दिंग्टन यांच्या वाकड्या मुकुटांनी खरी गोष्ट सांगून ठेवली होती.

पावसाचा थेंब आपण खाली गोल आणि वर निमुळता असा काढतो. लहान थेंब प्रत्यक्षात गोल असतो. मोठा थेंब पडताना खालून हवेचा दाब लागून चपटा होतो. फ्रान्समधल्या एमान्युएल व्हिलेर्मो आणि बेंजामिन बोसा यांनी २००९ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने एकाच थेंबाचा प्रवास दाखवला: तो पसरतो, मधोमध पिशवीसारखा फुगतो आणि फुटून त्याचे असंख्य लहान थेंब होतात. हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात उरकतं. भारतात या विषयावरचं काम पुण्यात झालं आहे. आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले ए. के. कामरा आणि त्यांचे सहकारी यांनी उभ्या वायुबोगद्यात खालून हवा सोडून पाण्याचे मोठे थेंब अधांतरी तरंगत ठेवले आणि ते कसे फुटतात याचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. ढगांतल्या विजेचा थेंबांवर काय परिणाम होतो, हा त्या कामामागचा प्रश्न होता.

पहिल्या पावसाचा वास हेही असंच एक उदाहरण. एमआयटीतल्या यंगसू जुंग आणि कलन बुई यांनी २०१५ मध्ये मातीवर पडणारे थेंब वेगवान कॅमेऱ्याने टिपले. थेंब टेकताच त्याच्याखाली मातीच्या छिद्रांतली हवा अडकते, बुडबुडे होऊन वर येते आणि पृष्ठभागावर फुटताना अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवते. मातीचा गंध या तुषारांवर स्वार होऊन येतो. मुसळधार पावसापेक्षा हलक्या आणि मध्यम सरींत हे तुषार जास्त उडतात, असंही त्यांना दिसलं. वळवाच्या पहिल्या सरीला जो वास सुटतो तो जुलैच्या झडीत का येत नाही, याच्या उत्तराचा एक भाग तरी इथे सापडतो.

आणि गळक्या पत्र्याखाली ठेवलेल्या बादलीतलं टपटप? केंब्रिजचे अनुराग अगरवाल ब्राझीलमध्ये एका मित्राकडे उतरले होते. तिथे गळणाऱ्या छपराखाली ठेवलेल्या भांड्यातल्या आवाजाने त्यांना प्रश्न पडला. २०१८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा आणि पाण्याखालचा मायक्रोफोन लावून दाखवलं, की आवाज थेंब आपटण्याचा नसतोच. थेंबामुळे पाण्यात खळगा पडतो, खळगा मिटताना हवेचा एक बुडबुडा खाली अडकतो आणि तो थरथरला की पाण्याचा पृष्ठभाग हलून आवाज उमटतो. पाण्यात भांडी घासायचं द्रव साबण टाकलं, की आवाज बंद. हा प्रयोग कोणालाही घरी करता येतो आणि २४० फ्रेमच्या मोबाइलवर त्यातला खळगा थोडाफार दिसतोसुद्धा. आयफोनमध्ये १२० फ्रेमची सोय २०१३ मध्ये आणि २४० फ्रेमची २०१४ मध्ये आली. आज ती अनेक साध्या मोबाइलमध्येही असते. प्रयोगशाळेतल्या यंत्राचा एक लहानसा अंश खिशात आला आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी स्लो मोशनचा उपयोग बदलतो.

धबधब्याकडे जाताना हेच मनात असावं. मुरबाडच्या पुढे नाणेघाटात पावसाळी वाऱ्याने पाणी उलटं वर जाताना पाहायला गर्दी होते. संथ गतीत पाहिलं तर धार अखंड वर जात नाही, हे कळतं. कड्यावरून सुटलेली धार आधी फुटते, तिचे थेंब होतात आणि ते थेंब वारा उचलतो. हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने पडतो. वर चढणारा वारा त्याहून जोरदार असला की थेंब वर जातो. पाच मिलिमीटरच्या थेंबासाठी ताशी ३२ किलोमीटरहून जास्त वेगाचा ऊर्ध्वमुखी वारा लागेल. म्हणून बारीक तुषार माथ्यावर परत येतात आणि जाड धार खालीच जाते.

आता तंत्राचं थोडं. स्लो मोशनला उजेड भरपूर लागतो, कारण २४० फ्रेम टिपताना एका फ्रेमला सेकंदाच्या २४० व्या भागाहून जास्त वेळ मिळूच शकत नाही. दाटलेल्या आभाळाखाली चित्र काळपट आणि कणीदार येतं. म्हणून उघडीप मिळाली की टिपावं आणि शक्यतो सूर्य पाण्याच्या पलीकडे असावा, म्हणजे थेंब उजळतात. मागे सह्याद्रीचा ओला, काळा बेसाल्ट असेल तर पांढरं पाणी त्यावर स्वच्छ उठून दिसतं. घरात दिव्याखाली टिपणाऱ्यांना चित्र लुकलुकताना दिसेल. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात, ते नेहमी जाणवत नाही, पण स्लो मोशनमध्ये लगेच दिसतं. टाइमलॅप्ससाठी मुख्य गोष्ट म्हणजे कॅमेरा हलता कामा नये आणि फोकस, उजेड आणि रंगाची मांडणी आधीच पक्की करून ठेवावी, नाहीतर ढग आला-गेला की चित्र दर सेकंदाला उजळत-काळवंडत राहतं. ढगांसाठी दोन ते पाच सेकंदांचं अंतर पुरतं, भरतीसाठी वीस-तीस सेकंदांचं. धरण भरताना टिपायचं असेल तर दिवसाला दोन-चार फ्रेमसुद्धा खूप झाल्या.

कोंडेश्वरबाबत एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तिथल्या कुंडात बुडून दर काही वर्षांनी जीव जातात आणि पावसाळ्यात ठाणे जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं. स्लो मोशन या बाबतीत धोकादायक ठरू शकतं, कारण ते पाण्याचा जोर लपवतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. तेच पाणी आठपट संथ केलं, की रेशमासारखं मऊ दिसतं आणि पाहणाऱ्याला त्यात पाय टाकावासा वाटतो. पुराचे संथ केलेले व्हिडिओ जेव्हा वेगाचा उल्लेख न करता पसरवले जातात, तेव्हा ते फसवणूकच करतात. चित्र किती पटीने संथ केलं आहे, हे कोपऱ्यात लिहिणं ही साधी जबाबदारी आहे.

टाइमलॅप्सची परंपरा तर मराठी माणसाच्या घरातली आहे. त्र्यंबकेश्वरला, गोदावरीच्या उगमाशी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि पैसे देणाऱ्यांना ही कला काय करू शकते ते दाखवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक फ्रेम दिवसेंदिवस टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट. महिनाभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर पाहून लोक थक्क झाले, भांडवल उभं राहिलं आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या उभारणीत टाइमलॅप्सचा वाटा आहे. पुढे १९१९ मध्ये फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ केला, त्यात विषारी झालेल्या नदीची गोष्ट होती.

वालधुनीच्या काठी उभं राहिलं की ती गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मध्ये पूर्ण झालेल्या अंबरनाथच्या मंदिराशेजारून वाहणारी ही नदी पुढे कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी वाहून नेते. उल्हासनगरमध्ये जीन्स रंगवण्या-धुण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा तिचं पाणी निळं-काळं होत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून टाकलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना श्वास घ्यायला त्रास होऊन रुग्णालयात जावं लागलं. उल्हास आणि वालधुनीचं प्रदूषण राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा प्रकरणांत नेहमी अडचण येते ती वेळेची. टँकर रात्री येतो, पाण्याचा रंग काही तासांत बदलतो आणि नमुना घ्यायला माणूस पोचेपर्यंत पाणी पुढे निघून गेलेलं असतं. एका पुलावर कायमचा बसवलेला, दर मिनिटाला तारीख-वेळेसह फ्रेम टिपणारा कॅमेरा रंग कधी बदलला हे तरी निर्विवाद सांगू शकतो. रसायन कोणतं, हे तो सांगणार नाही. त्यासाठी नमुनाच हवा. पण नमुना कोणत्या वेळी घ्यायचा हे कळणंही मोठं असतं.

फेसाची गोष्टही अशीच. निखळ पाण्यातला बुडबुडा फार टिकत नाही. साबण, डिटर्जंटसारखे पदार्थ पाण्यात असले की फेस टिकतो, साचतो, प्रवाहाबरोबर वाहत जातो. पहिल्या पावसात कुजलेल्या पाल्यामुळेही नैसर्गिक फेस येतो, त्यामुळे फेस दिसला की लगेच आरोप करू नये. मात्र भर जानेवारीत, पाऊस नसताना, एकाच जागी रोज ठराविक वेळी फेस चढत असेल तर टाइमलॅप्समध्ये ते पाहणाऱ्यापासून लपत नाही. जलपर्णीचंही तेच. अनुकूल पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. मोहने बंधाऱ्याजवळ उल्हासचं पात्र हिरवं झालं की बातम्या येतात, पण ते हिरवं होत असताना कोणीच पाहिलेलं नसतं.

पुराच्या वेळी हे न पाहणं जीवावर बेततं. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिकांनी होड्यांतून सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढलं. त्या दिवशीची हेलिकॉप्टरमधून टिपलेली दृश्यं सगळ्यांनी पाहिली, पाण्याच्या मधोमध उभी गाडी. त्यात पूर आलेला दिसतो. तो कसा आला, पाणी कोणत्या बाजूने शिरलं, कोणत्या तासात सर्वांत झपाट्याने चढलं, हे दिसत नाही. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर आहे आणि पावसाळ्यात हे आकडे घरोघरी माहीत असतात. मोजपट्टीवर रोखलेल्या कॅमेऱ्याने मिनिटाला एक फ्रेम टिपली तर दहा तासांच्या रात्रीच्या ६०० फ्रेम होतील, पाहायला २५ सेकंद. खालच्या सोसायट्यांतल्या रहिवाशांना त्या २५ सेकंदांतून जे कळेल, ते पातळीच्या एका आकड्यातून कळत नाही.

बारवीचं काम याहून सावकाश आहे. उंची वाढवल्यानंतर धरणात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं आणि पातळी ७२.६० मीटरवर गेली की स्वयंचलित दरवाजे उघडतात. हे पाणी नदीतून खाली येतं, जांभूळ गावाजवळ उचललं जातं आणि तिथून शहरांना, कारखान्यांना जातं. भरलेल्या धरणाचे दरवाजे उघडतानाचे व्हिडिओ खूप आहेत. मे महिन्यात उघडा पडलेला तळ, जूनअखेर काठाकडे सरकणारी रेषा, ऑगस्टमधला तुडुंब जलाशय आणि पुन्हा उतरती कळा, हे एका जागेवरून वर्षभर टिपलेलं चित्र असेल तर शहरातल्या माणसाला आपल्या नळाचं वर्ष समजेल. उंची वाढताना तोंडलीसारखी गावं पाण्याखाली गेली, हेही त्याच चित्रात यायला हवं. आकाशातून पाहण्याची सोय मात्र आजही आहे. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं आहेत आणि त्यांत बदलापूर-अंबरनाथची घरं नदीच्या दिशेने सरकत गेलेली कोणालाही फुकट पाहता येतात.

असं काम दुसरीकडे झालं आहे. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाशी जोडलेल्या ‘प्लॅट बेसिन टाइमलॅप्स’ या प्रकल्पाने २०११ पासून प्लॅट नदीच्या सबंध खोऱ्यात, डोंगरातल्या बर्फापासून खालच्या पाणथळ जागांपर्यंत, साठहून जास्त कॅमेरे लावले. छायाचित्रकार मायकल फोर्सबर्ग आणि चित्रपटकार मायकल फॅरेल यांनी तो सुरू केला. दिवसाच्या उजेडात ठराविक अंतराने एक फोटो, वर्षानुवर्षं, एवढीच त्याची रीत. शेतकरी, शाळा आणि संशोधक ते साहित्य वापरतात. प्लॅटच्या मानाने उल्हास खूपच लहान नदी आहे. तिला साठ कॅमेरे लागणार नाहीत, सात-आठ पुरतील: राजमाचीच्या पायथ्याशी एक, कर्जत-नेरळच्या पट्ट्यात एक, बदलापूरच्या बॅरेजवर मोजपट्टी दिसेल असा एक, बारवीच्या काठावर एक, काकोळ्याच्या जीआयपी टँक या तलावाजवळ वालधुनी स्वच्छ असते तिथे एक, उल्हासनगरच्या एखाद्या पुलावर एक, मोहन्याला एक आणि कल्याणच्या खाडीत भरतीसाठी एक. जलरोधक डबी, सौरपट्टी आणि जुना मोबाइल एवढ्यावर प्रत्येक ठिकाण चालू शकतं. तीन शहरांत महाविद्यालयं आहेत, पर्यावरणासाठी धडपडणाऱ्या संस्था आहेत, आणि पाणी उपसणाऱ्या यंत्रणांकडे सुरक्षित, पहारा असलेल्या जागा आहेत. परवानगी मात्र आधी घ्यावी लागेल, कारण धरण आणि पाणीपुरवठ्याच्या जागांवर चित्रीकरणाला निर्बंध असतात, आणि पुलावरचा कॅमेरा कोणाच्या घरात डोकावणार नाही हेही पाहावं लागेल.

वालधुनीवरचा कॅमेरा मेच्या अखेरीस चालू झालेला असावा. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला गाळ, तेलाचा तवंग आणि प्लास्टिक जूनच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत एकदम नदीत उतरतं आणि ती सर ओसरली की वर्षभरासाठी तो पुरावा खाडीकडे निघून जातो. पाऊस स्थिरावल्यावर लावलेल्या कॅमेऱ्याला तो मिळणार नाही.